रूथच्या कोपऱ्यावरचा ओक

मी एक जुना पांढरा ओक आहे. नावाला पांढरा, अंग मात्र राखाडी. केंटकीच्या डोंगराळ मुलखात, एका ओढ्याच्या वळणावर उभा आहे. मित्रांनो, मला शाळा-बिळा काही नाही. जे बघितलं ते सांगतो, तेही आडवंतिडवं. सांभाळून घ्या.

एका खारीनं फळ पुरलं आणि विसरली. तो मी. तेव्हा इथं नुसतं रान होतं. शिकारीला येणारी इथली मूळची माणसं हळूहळू दिसेनाशी झाली, त्यांचं नाव तर कुठल्याच कागदात नाही. मग आयझॅक नावाचा एक दांडगा गडी बायकोला घेऊन आला. बायकोचं नाव रूथ. मागून जमीन मोजणारे साखळी ओढत आले.

त्या काळी शेताच्या कोपऱ्याला खांब कोण रोवतंय? उभं झाडच कोपरा म्हणून धरायचे. माझ्यावर कुऱ्हाडीनं तीन खाचा मारल्या. दुखलं हो! पण लिहिणारा मोठ्यांदा म्हणाला, "ओढ्याच्या वळणावरच्या पांढऱ्या ओकापासून सुरुवात." आयझॅकची सगळी जमीन माझ्यापासून सुरू झाली. मग दुखणं कुठल्या कुठं पळालं. दर वर्षी तो पोरांना घेऊन हद्दीवरून फिरायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हा आपला."

रूथ बाळंतपणात गेली. माझ्या मुळांशी माती मऊ होती, तिथंच तिला ठेवलं. वर ओढ्यातला एक दगड ठेवला. नाव कोरणारं कुणी नव्हतं. पुढं आयझॅकनं जमीन विकली आणि पोरांना घेऊन पश्चिमेला निघून गेला. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघवलं नसेल.

मग मला कोण विचारतो? खाचांवर साल चढली. दगड पाल्याखाली गेला. कुणी माझ्या अंगात तारेचे खिळे ठोकले, कुणी माझ्यावर बंदुकीचा नेम धरला. एकदा वीज पडली आणि पोट पोकळ झालं. पण मी हललो नाही. माझ्याजवळ एक माणूस ठेवलं होतं ना.

अन् परवाच्या उन्हाळ्यात एक गाडी थांबली. लांब उत्तरेकडच्या ॲन आर्बर गावाहून आलेली. नागपूरकडचे मनोहरकाका उतरले, डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर. मागून त्यांची बायको, हेलनकाकू. काकू याच देशातल्या, पण सासूकडून मराठी शिकलेल्या. डबा घेऊन दोघं माझ्या सावलीत बसले.

"मनोहर, लोणचं कुठे आहे?"

"गाडीत राहिलं वाटतं."

"तू ऑपरेशनमध्ये कात्री पण पेशंटच्या पोटात विसरला असशील!"

"मी डोळ्यांचा डॉक्टर आहे बाई. डोळ्यात कात्री राहिली तर पेशंटला दिसेल की!"

काकू हसल्या आणि हसता हसता त्यांना धाप लागली. छातीचं दुखणं होतं, फार दिवस उरले नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या माझ्या बुंध्याला टेकल्या.

"माझी आजी सांगायची, तिची आजी सांगायची, आपली रूथ कोपऱ्याच्या झाडाखाली आहे. जमिनीचे कागद ठेवणारे कोर्टातले म्हणतात, आयझॅक नावाचा कुणी इथे नव्हताच. मग सगळ्या खोटं बोलल्या?"

"शोधू आपण."

"मनोहर, मी गेले की मला रूथजवळ ठेव. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

अगं बाई, तू तिच्या उशाशीच बसली आहेस! मी आतून ओरडत होतो. झाडाचं ओरडणं म्हणजे काय, चार पानं खाली पडतात. एक काकूंच्या केसांत अडकलं. त्यांनी ते काढलं, बघितलं आणि वाऱ्यावर सोडून दिलं. डबा बंद झाला. गाडी गेली.

पुढच्या वसंतात मनोहरकाका परत आले, काकूंशिवाय. सोबत त्यांची मुलगी अनया होती. काका निम्मे झाले होते. अनयानं हातातल्या जमिनीच्या जुन्या कागदावरून ओढ्याचं वळण ताडून बघितलं, मग माझं शेवाळ खरवडलं. सालीवर तीन जुने वळ होते.

"बाबा, लुक! तीन मार्क्स. हेच ते झाड!"

काकांनी त्या वळांवरून बोट फिरवलं.

"आपण राँग काउंटीत, चुकीच्या जिल्ह्यात शोधत होतो, बाबा. आयझॅकच्या वेळी ही काउंटी नव्हतीच. नंतर जुनीचे दोन भाग झाले. त्याचे पेपर्स जुनीच्या कोर्टातच राहिले. जमीन इथेच आहे, फक्त नाव बदललं."

तिनं पाला बाजूला केला. ओढ्यातला गुळगुळीत दगड वर आला. मनोहरकाका दगडाशेजारी बसले.

"इथंच जेवलो आम्ही. इथंच बसली होती ती."

"मी म्हटलं होतं बाबा, थोडं वेट करा. आईची राख घरी ठेवू."

"तुझ्या आत्याचा नागपूरहून रोज फोन. दहाव्याच्या आत विसर्जन कर, घरात ठेवू नकोस, जीव अडकून राहतो. मला वाटलं, जागा तर सापडत नाही, निदान तिचा जीव तरी अडकू नये." त्यांनी दोन्ही हात उघडून बघितले. "आपल्या गावच्या ह्युरॉन नदीत सोडली गं सगळी. कलश पाण्यात धुऊनसुद्धा घेतला."

अनया रडायला लागली. काकांनी दगडाला हात जोडले.

"रूथआजी, तुमची पोर आली होती. मला ओळखता आलं नाही तुम्हाला."

डोळे पुसून अनयानं विचारलं, "बाबा, मग तुम्हाला इथे आणू का? तुमची वेळ येईल तेव्हा?"

"मला? नको. तुझी आई जिथं गेली, त्याच पाण्यात सोड मला."

ते गेले. दगडाजवळ पुन्हा पाला साचतो आहे. एक जागा मी एवढी वर्षं राखली, पण जिच्यासाठी राखली तिला सांगता आलं नाही. झाडाला एवढं दुःख पुरे असतं.

मित्रांनो, रानात जुन्या झाडावर खाचा दिसल्या तर कुऱ्हाड उचलण्याआधी जरा चौकशी करा. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणालं, माझी माणसं कुठं आहेत ते बघ, तर एका दारात नाही म्हटलं म्हणून परतू नका. शेजारचं दार ठोठावा. ते माणूस तुमच्या शेजारी बसलेलं असतानाच ठोठावा.