डाव्या स्टेअरिंगची जीप

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि माझं स्टेअरिंग डाव्या बाजूला आहे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मला बघणारा प्रत्येक जण दोन मिनिटांत हेच विचारतो, "ह्ये असं उलटं का हाय?" उलटं वगैरे काही नाही. कारखान्यात मला तसंच बनवलं. त्या काळी माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. त्या भंगारात गेल्या, मी राहिले.

माझी उमेदीची वर्षं एका सरकारी खात्यात गेली. कालव्यांची मोजणी करणाऱ्या साहेबांना घेऊन मी काळ्या रानातून हिंडले. बैलगाडी रुतायची तिथून मी निघायचे. तेव्हा दसऱ्याला झेंडूची माळ मिळायची. पुढे माझा लिलाव झाला आणि उदगीरच्या व्यंकटरावांनी मला घेतलं. त्यांची शेती होती, आणि मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या फाटकाला लागून गोदाम होतं. तुरीची, हरभऱ्याची पोती मी किती ओढली असतील! अडचण एकच होती. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं, तर डावीकडे बसलेल्या चालकाला समोरचा रस्ता दिसत नसे. मग उजवीकडे बसलेल्याने मान बाहेर काढून "हाव, निघू द्या!" असं ओरडायचं. त्यावरून माझी फार चेष्टा झाली. शेवटी घरात नवा पिकअप आला आणि मला गोदामाच्या पत्र्याखाली उभं केलं. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. भंगारवाला दरवर्षी येऊन बॉनेटवर थाप मारून जायचा. लाज नाही वाटायची मला. राग यायचा.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक दिवस ज्योत्स्ना सिस्टर आल्या. त्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. व्यंकटरावांच्या दोन्ही मुली त्यांच्याच हातांत जन्मलेल्या. सोबत त्यांचे यजमान आनंदराज सर होते. ते शाळेत भूगोल शिकवायचे. काचबिंदूमुळे त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण नकाशा मात्र ते डोळ्यांशी धरून वाचायचे.

"व्यंकटराव, ती जीप चालती का?" सिस्टरांनी विचारलं.

"कोंबड्याचं घर झालंय ते, सिस्टर. इंजिन चांगलं हाय. पन स्टेअरिंग डावीकडं हाय."

"म्हणून तर आले. मला तसलीच पाहिजे."

मित्रांनो, तसलीच पाहिजे, असं माझ्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणालं.

सरांनी माझ्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि मग सगळा बेत कळला. त्यांचा मुलगा आदर्श फ्रान्समध्ये तूलूझ नावाच्या शहरात नोकरी करतो. या दोघांना तिथून मोटारहोम भाड्याने घ्यायचं होतं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. त्यात पलंग, शेगडी, बेसिन, न्हाणीसुद्धा. त्यात बसून कारकासोन, पेर्पिन्यां ही गावं करत, डोंगर ओलांडून स्पेनमध्ये जायचं आणि पार बार्सिलोना गाठायचं. गाडी कुठे थांबवता येते, पाणी कुठे भरता येतं, घाण पाणी कुठे सोडता येतं, त्या सगळ्या जागांवर सरांनी लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. चालवणार होत्या एकट्या सिस्टर.

आदर्शला हे मान्य नव्हतं. तो फोनवर सांगायचा, "मम्मी, इथं स्टेअरिंग डावीकडं असतं अन् गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची असती. तुला जमणार नाही. मी टूरच्या बसचं बुकिंग करतो. खिडकीपाशी बसून आरामात बघ."

"खिडकीपाशी ठेवायला मी काय पार्सल हाय का?" सिस्टर म्हणाल्या.

नांदेडहून दीर दयानंद यांचाही फोन आला. "वहिनी, या वयात हे शोभतंय का?"

"भाऊजी, शोभतंय का न्हाई, ते गाडीतून उतरल्यावर बघू."

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. शरणप्पा मिस्त्रीने क्लचप्लेट बदलली, ब्रेकचं तेल बदललं, चारी टायर नवे घातले. व्यंकटरावांच्या पत्नी धुरपताबाईंनी कोंबड्या हलवल्या आणि माझी सीट घासून घासून धुतली. किती वर्षांनी इंजिन धडधडलं! पहिल्या धुरात मी अख्खं गोदाम काळं केलं. मुद्दाम नाही केलं, पण वाईटही वाटलं नाही.

रविवारी मोंढा बंद असतो. त्या मोकळ्या फरशीवर सरांनी चुन्याने रस्ते आखले. मलप्पा हमालाने भुशाची पोती रचून गोल चौक केला. आपण चौकात डावीकडून शिरतो, तिकडचे लोक उजवीकडून शिरतात. मोटारहोम माझ्यापेक्षा रुंद आणि लांब असतं, म्हणून व्यंकटरावांनी माझ्या दोन्ही बाजूंना आणि मागे बांबू बांधले आणि टोकांना लाल चिंध्या लावल्या.

मलप्पा पोट धरून हसला. "अय्यो! सिस्टर मांडव घिऊन फिरून राहिल्या!"

पहिल्या दिवशी सिस्टरांचा डावा हात गिअर शोधायचा आणि दारावर आपटायचा. गिअर उजव्या हाताला होता. प्रत्येक वळणानंतर त्या सवयीने डावीकडे जायच्या. मग स्वतःवरच ओरडायच्या, "उजवीकडं, ज्योत्स्ना, उजवीकडं!" मी जुनी, माझं स्टेअरिंग जड. त्यांचे खांदे भरून यायचे. पण पुढच्या रविवारी आठच्या ठोक्याला त्या हजर असायच्या.

दुसऱ्या महिन्यात व्हायचं ते झालं. मागे घेताना अंदाज चुकला आणि मी गोदामाच्या भिंतीवर आदळले. मागचा बांबू मोडून माझा दिवा फुटला, सिस्टरांच्या डोक्याला मागून टेंगूळ आलं. ही बातमी नांदेडला पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी दयानंद स्वतः आले. त्यांनी आदर्शला व्हिडिओ कॉल लावला होता. "बघ बाबा, तुझी मम्मी काय करून राहिली ते," असं म्हणत त्यांनी माझी चावी काढली आणि सरळ खिशात घातली.

आता पुन्हा पत्र्याखाली, असं मला वाटलं.

सिस्टरांनी हात पुढे केला. "भाऊजी, चावी."

"वहिनी, तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मला कळतंय. तीस वर्षं माझ्या हातात लोकांचे जीव होते. तवा कुणी म्हटलं न्हाई, सिस्टर, घरी बसा. आज एक दिवा फुटला तर बसू का? चावी."

तेवढ्यात धुरपताबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "द्या की वो चावी! दिवा आमच्या जीपचा फुटलाय. तुमचं काय गेलं?"

दयानंदांनी खिशातून चावी काढून दिली.

"आदर्श, फोन ठेवू नको," सिस्टर म्हणाल्या. "बघ."

आम्ही निघालो, मित्रांनो. त्या दिवशी मी एकदाही खोकले नाही. चुन्याच्या रस्त्याच्या उजव्या बाजूने आम्ही सरळ गेलो, गोल चौकाला तीन वळसे घातले, मग पोत्यांच्या दोन रांगांमधून मागे आलो. दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा होती. एकही चिंधी पोत्याला लागली नाही. मलप्पाने शिट्टी मारली.

फोनमधला आदर्श म्हणाला, "मम्मी, एक उशी लागल तुला. त्या गाडीचं सीट खाली असतंय." मग म्हणाला, "बसचं राहू दे. पण मी सोबत येणार."

"ये की. बाजूला बस."

पुढे व्हिसा झाला. परदेशात चालवायचा परवाना लातूरहून निघाला, आणि मे महिन्यात दोघं विमानात बसले. मी अर्थातच इथेच राहिले. कोणी हळहळू नका. माझं काम मी केलं होतं.

एका दुपारी व्यंकटरावांच्या फोनवर व्हिडिओ आला. त्यांनी फोन माझ्या बॉनेटवर टेकवला आणि धुरपताबाईंना हाक मारली. काचेपलीकडे मोठमोठे डोंगर होते. उशीवर ताठ बसून सिस्टर गाडी चालवत होत्या, हात सैल, नजर पुढे. सरांचा आवाज आला, "व्यंकटराव, आत्ताच स्पेन लागलं बघा." मग चित्र उजवीकडे वळलं. बाजूच्या सीटवर आदर्श होता. आई चालवत होती आणि तो तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

धुरपताबाईंनी तेवढाच भाग चार वेळा लावायला सांगितला.

मित्रांनो, जुन्या गाडीची कीव करू नका. तिला आठवड्यातून एकदा चालू करा, तेल बघा, हवा भरा, पावसापाण्यात झाका आणि मग बिनधास्त चालवा. रंग देऊन शोभेला उभी करू नका. आणि तुमच्या घरातल्या पिकल्या केसांच्या माणसाला "आता तुम्ही बसा" म्हणायच्या आधी, शेजारी बसून एवढं तरी विचारा, "तुम्हाला कुठं जायचंय?"