घनश्यामने मोरीपाशी टाकलेली लोटी

मी एक जुनी पितळी लोटी आहे, आणि मित्रांनो, आधी घनश्यामची कागाळी सांगते. लहानपणी ज्याच्या ओठांना मी लागले, त्यानेच मला मोरीपाशी टाकलं. असा कृतघ्न माणूस बाभुळगावात दुसरा नसेल.

त्याच्या आईचं, सुखीबाईचं मी आंदण. काठावर तिचं नाव कोरलेलं आहे. चिंचेने घासली की मी अशी लखलखायची, की स्टीलची भांडी तोंड लपवायची.

तिची सून, म्हणजे घनश्यामची बायको दीपमाला, हिच्या बाळंतपणाआधीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. घनश्यामने तिचं ताट वेगळं काढलं, पाण्याला मला दिलं, आणि दोघींना मोरीपाशी बसवलं. हा रोग रक्तातून पसरतो, भांड्यांतून नाही, असं डॉक्टर सांगत होते. ऐकतो कोण! सुखीबाईही तेव्हा गप्प होती. मग घनश्यामच्या रक्तातही तेच निघालं. त्याचं ताट मात्र जागचं हललं नाही.

तपासण्या पाहून डॉक्टरांनी दोघांना रोजची गोळी सुरू केली. ते म्हणाले, "गोळी विषाणूला मुळासकट काढत नाही, त्याची वाढ दाबून ठेवते. तेवढ्या काळात लिव्हर सावरतं. मला विचारल्याशिवाय बंद करू नका."

पुढे दोघांच्याही रक्तात विषाणू दिसेना.

"रोग मेला. आता गोळी कायले?" घनश्याम म्हणाला.

"मेला नाही, दबला हाय," दीपमाला म्हणाली.

"मोरीपाशी जेवणारी मले शिकवून राह्यली!"

ती माझ्यातल्या पाण्याने गोळी घेत राहिली, त्याने मात्र सोडली. त्याचे डोळे काही महिन्यांत हळदीसारखे पिवळे झाले. दवाखान्यात जायचं सोडून तो काविळीची माळ घालून आला. ओल्या काड्यांची ती माळ सुकली की आपोआप लांबते. लोक म्हणतात, कावीळ उतरली. माळ गुडघ्यापर्यंत उतरली. पोट पाण्याने फुगलं, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

मित्रांनो, मी काळी पडले तर चिंचेने पुन्हा उजळते. लिव्हरला चिंच चालत नाही. दवाखान्यातून तो हातपायांच्या काड्या घेऊन परतला. गोळी पुन्हा सुरू झाली, पण गेलेलं सगळं भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

त्याने पाणी मागितलं. सुखीबाईने मला मोरीपासून उचललं, आधी स्वतः तोंड लावून प्याली, मग त्याच्यापुढे धरलं.

"घे, गीळ गोळी. ह्याच लोटीच्या पाण्यानं गोळी घेऊन तुही बायको ठणठणीत हाय. तिले तू मोरीपाशी बसवलं, अन् स्वतः माळ घालून नवरदेवावानी मिरवला. माळ लांबली रे घनश्याम, आयुष्य आखूड झालं."