दाराची सुतळी

"साहेब, सुतळी कावून नाही ओढली तुमी?"

गोदाबाईच्या हातात बाजाराची पिशवी होती आणि पायाशी तिच्याच घराचं तुटून पडलेलं दार. जुन्या शहरातल्या त्या गल्लीत दाराच्या भोकातून लोंबणारी ती सुतळी सगळ्यांना ठाऊक होती. ओढली की आतली कडी उचलली जायची. दूधवाला ओढायचा, शेजारची हलीमाबी ओढायची, एकदा तर बकरीनंही चघळता चघळता दार उघडलं होतं.

"मावशी, आवाज दिला. पोलीस आहोत म्हणून सांगितलं. थांबलो. मगच दार तोडलं," फौजदार म्हणाले. "सारं नियमानं."

नियमात खोट नव्हती. फक्त आत गोदाबाईचे यजमान नत्थुजी होते, आणि कापसाच्या जिनिंगच्या मशीनजवळ हयात काढल्यानं त्यांचे कान केव्हाच गेले होते. ज्याला धरायला पोलीस आले होते, तो मोटरसायकली चोरणारा राहत होता मागच्या गल्लीत. एवढ्या गोंधळात तो आरामात निसटला. पोलिसांच्या हाती लागला तो पाठमोरा बसून चहात पाव बुडवणारा एक म्हातारा.

"मैं छत से चिल्लाई, रस्सी खींचो," हलीमाबी म्हणाली. "बोले, अंदर जाव."

फौजदारांनी पडलेल्या दाराची सुतळी बोटानं ओढली. कडी टक् करून उचलली गेली. त्यांनी टोपी नीट केली आणि निघाले.

नत्थुजी अजून भिंतीशी बसले होते, दोन्ही हात डोक्यावर. "गेले ते," गोदाबाईनं खुणेनं सांगितलं. हात खाली येईनात. तिनंच एकेक करून खाली घेतले.

सुतारानं जुन्याच फळ्या जोडून दार उभं केलं. "आता सुतळी काहाले? आतून कडी लावत जा न."

"कोनी आलं तं यायच्या कानाले कयते का? भोक ठेव." नवी सुतळी तिनं स्वतः ओवली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली, तेव्हा भोक होतं, सुतळी नव्हती. आतून ओढून घेतलेली.

तिनं दार वाजवलं. "आवो, मी होय." थांबली. पुन्हा वाजवलं. सारं नियमानं.

हलीमाबी बाहेर आली. "धक्का मारने मेरे बेटे वकार को बुलाऊं क्या?"

"नको," गोदाबाई म्हणाली. "दाराले आता कोनी हात नका लावू. उघडतीन ते."

मग ती ओट्यावर बसली, पिशवीतून मेथी काढली आणि निवडू लागली.