बाबांचा आवाज घेताना

थोरल्याला घरात सगळे मेकॅनिक म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, टोमणाच जास्त होता. लोक लॅपटॉप घेतात आणि वापरतात. हा घ्यायचा आणि दुसऱ्याच दिवशी त्यातलं सगळं पुसून लिनक्स नावाची दुसरीच सिस्टिम टाकायचा. मग कधी वायफाय रुसायचं, कधी प्रिंटर हटून बसायचा, आणि ते एकदाचं मार्गी लागलं की स्वारी अशी खूश, जणू घरात लग्न ठरलंय. "आपल्या मशीनमध्ये काय चाललंय ते आपल्याला कळायला हवं," हे त्याचं पालुपद. धाकटी बहीण म्हणायची, "दादा, आम्हाला फक्त ते चालायला हवं असतं रे."

त्या दिवशी मात्र कुणी थट्टा करत नव्हतं. वडिलांना दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही.

आणि आवाज हीच तर त्या माणसाची कमाई. जन्मभर ते लिलाव पुकारत आले. जुनी कपाटं, बंद पडलेल्या छापखान्यांची यंत्रं, बुडालेल्या दुकानांचा माल, सगळं त्यांच्या घशावर विकलं गेलं होतं. अलीकडे तो आवाज घासला होता, वाक्य संपता संपता विरून जायचा. तरी जिन्यातून त्यांनी हाक मारली की ती त्यांचीच हे शेजाऱ्यांनाही कळायचं.

थोरल्यानं एक प्रोग्राम शोधून काढला होता. मशीन एकेक वाक्य बोलून दाखवणार, माणसानं ते मागोमाग म्हणायचं. तेवढं साठवलं की मशीन त्याचा आवाज शिकणार, आणि पुढे त्यानं नुसतं टाइप केलं तरी त्याच्याच आवाजात बोलणार. फुकटचा होता आणि लिनक्सवर चालायचा. इतक्या वर्षांच्या उचापती अखेर घरातल्या कुणाच्या तरी कामी येणार, याचा त्याला दुःखातही आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

"म्हणजे मी मुका होणार आणि हा डबा माझ्या वतीनं भांडणार?" वडिलांनी विचारलं.

"हो बाबा."

"मग आधी शिव्या भरून घे. त्यांचीच जास्त गरज लागेल."

आणि नेमका त्याच सकाळी लॅपटॉपचा माइक मेला.

थोरला जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडून बसला. कमांड लिहायची काळी खिडकी उघडून त्यानं आवाजाच्या पट्ट्या तपासल्या. माइक बंद करून ठेवलेला होता, तो सुरू केला. काही नाही. साउंडचा सगळा कारभार थांबवून पुन्हा चालू केला. काही नाही. इंटरनेटवर जाणकारांच्या गप्पांची पानं धुंडाळली. तिथे कुणीतरी नेमकं हेच दुखणं मांडलेलं असायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, 'सुटला प्रॉब्लेम', कसा सुटला ते मात्र नाही. अशा लोकांना भर चौकात उभं करायला हवं. त्यानं चिपसाठी लागणारी फाइल उतरवली, मशीन पुन्हा सुरू केलं, मग तळाचे स्क्रू काढून माइकची वायर जागेवर आहे का तेही पाहिलं. होती.

वडील कपडे करून, दाढी करून, खुर्चीत बसून होते. त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"दादा, माझ्या फोनवर घेऊ या का?" धाकटी म्हणाली. "निदान असावं म्हणून."

"फोन आवाज चेपतो. त्याचा या कामाला उपयोग नाही. आणि दोन-दोन ठिकाणी घेतलं की गोंधळ होतो."

"अरे, पण वेळ चाललाय."

"माहितेय मला!" तो इतक्या जोरात ओरडला की धाकटीनं फोन उलटा करून ठेवून दिला. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

अखेर आवाज कुठून घ्यायचा त्या यादीत दोन नावं दिसायला लागली. पहिलं निवडलं, तर आवाज दाखवणारी हिरवी पट्टी मढ्यासारखी पडून. दुसरं निवडलं आणि प्रोग्राम सुरू केला. मशीनमधल्या बाईनं नमुन्याचं वाक्य म्हटलं, त्याच वेळी वडील खोकले, आणि पट्टी टुणकन उडाली. थोरल्याच्या जिवात जीव आला.

"ऐकून तरी बघ एकदा," वडील म्हणाले.

"नको बाबा. पट्टी हलतेय ना? मग आता हात लावायचा नाही. चालू झालेल्याला डिवचलं की ते पुन्हा बसतं."

सकाळभर हार खाल्लेल्या माणसाचं हे शहाणपण होतं. एरवी दहादा तपासणारा तो, पण त्या दिवशी त्याला मशीनची भीती वाटली, आणि ती भीती त्याला शिस्तीसारखी भासली.

"तू समोर बसलास की मला तोंडी परीक्षा वाटते," म्हणून वडिलांनी त्याला बाहेर पिटाळलं. तो आणि धाकटी स्वयंपाकघरात बसले. दाराआडून आधी बाईचा सपाट आवाज यायचा, मग वडिलांचा. "बाजारातून येताना भाजी आण." "हे माप मला मोठं होतं." वडिलांनी पहिली काही वाक्यं शहाण्या मुलासारखी म्हटली. पुढे त्यांना राहवेना. भाजीचासुद्धा त्यांनी लिलाव पुकारला. धाकटी हसता हसता रडायला लागली आणि थोरल्यानं तिचा हात धरून ठेवला. मधेमधे आवाज बसायचा, पाण्याचा पेला वाजायचा, पुन्हा सुरुवात व्हायची. त्यांनी एकही वाक्य सोडलं नाही.

संपल्यावर थोरला आत गेला. पडद्यावर उंचवटे आणि सपाट पट्टे, उंचवटे आणि सपाट पट्टे, अशी लांबलचक रांग होती. वरवर एक नजर टाकून त्यानं ती फाइल जपून ठेवली. खाली गाडी उभी होती.

"जमलं ना रे?" जिना उतरताना वडिलांनी विचारलं.

"झकास जमलं, बाबा."

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यानंतर काही दिवसांनी वडील उशाला टेकून बसायला लागले. नाकात नळी, गळ्याला भोक आणि त्यातून ये-जा करणारा श्वास. एका दुपारी त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं आणि कानाशी हात नेला. ऐकव.

थोरल्यालाही ते हवंच होतं. त्यानं लॅपटॉप पलंगाच्या टेबलावर ठेवला, आवाज वाढवला, धाकटी वडिलांना खेटून बसली.

"बाजारातून येताना भाजी आण," मशीनमधली बाई म्हणाली.

मग काहीच नाही.

"आता बाबांचं येईल," धाकटी म्हणाली.

"हे माप मला मोठं होतं," बाई म्हणाली. पुन्हा शांतता, वडिलांना ते वाक्य म्हणायला जेवढा वेळ लागला असेल नेमकी तेवढीच. थोरल्यानं पुढे सरकवलं, मधलं लावलं, शेवटचं लावलं. सगळीकडे ती बाई आणि तिच्या मागे तो रिकामा वेळ. लिलाव नाही, खोकला नाही, पेल्याचा आवाजसुद्धा नाही.

त्याला कळलं. ते दुसरं नाव माइकचं नव्हतंच. स्पीकरमधून जे बाहेर पडतं तेच परत आत घेणारी ती वाट होती. मशीन त्या दिवशी फक्त स्वतःचं ऐकत बसलं होतं. हा फरक त्यानं आजवर कितीतरी अनोळखी लोकांना समजावून सांगितला होता.

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं फोनची आठवण करून दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचा आवाज यात आलेलाच नाही. मी तपासलं नाही. तुम्ही सांगितलं होतं, तरी मी तपासलं नाही."

वडिलांनी त्याचा चेहरा पाहिला. लहानपणी त्याच्या हातून काही फुटलं की पाहायचे तसा. मग त्यांनी हात उचलून, एवढंच ना, अशा अर्थानं हवेत झटकला. बोट गोल फिरवलं, परत घेऊ. स्वतःच्या हातानं लॅपटॉप आपल्याकडे वळवला, उशीवर सरळ झाले आणि पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फसफसली. त्यांचा हात तिकडे गेला आणि तिथेच राहिला.