सिनेमासाठी खणलेला पाट

मी कुदळ बोलतेय. कोपऱ्यात गंजत पडलेली दिसते म्हणून नाक मुरडू नका. एके काळी मी सिनेमात काम केलंय.

जन्म माझा लोहाराच्या भट्टीतला, पण पहिली मालकीण सिनेमा कंपनी. आधी त्यांनी लाकडाच्या कुदळी चंदेरी रंगवून आणल्या होत्या. पहिल्याच घावात त्यांचे तुकडे झाले, तेव्हा कुठे मला बोलावणं आलं.

दिवस वाईट होते. गिरण्या बंद पडल्या होत्या. सिनेमाची गोष्टही तशीच: बेकार माणसं एकत्र येऊन पडीक जमीन कसतात आणि करपणाऱ्या पिकासाठी नदीपासून पाट खणतात. खणायला दिग्दर्शकाने खरंच बेकार झालेले विणकर रोजावर आणले. मी आले धोट्याच्या हाती. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखा पाय एका जागी ठरत नाही म्हणून गिरणीत त्याला हे नाव पडलेलं. तो खणायचा, त्याची बायको मागून मातीच्या पाट्या उचलायची.

पहिल्या दिवशी 'कट, कट' म्हणून दिग्दर्शकाचा घसा बसला, तरी कुणी थांबेना. आयुष्यभर भोंग्यावर हात थांबवलेली माणसं ती. शेवटी त्याने कुठून तरी एक भोंगा आणवला. तो वाजला मात्र, सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि कपडे झटकले. धोट्याने डोळेही पुसले. गिरणी बंद झाल्यापासून तो आवाज कुणी ऐकला नव्हता. मलाही गलबलून आलं.

पाटात पाणी आलं, नायक चिखलात मनसोक्त लोळला आणि चित्रीकरण संपलं. दुसऱ्याच दिवशी हुकूम आला, की पाट बुजवा. जमीन होती तशी मालकाला परत द्यायची आहे. बुजवण्याचाही रोज मिळणार होता. धोट्याने मुकाट्याने मला उचललं. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

त्याच्या बायकोने मात्र पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. जमीनमालक देखरेखीला आलाच होता.

"मालक, एवढ्यात बुजवू नका. एक पीक आम्हाला सगळ्यांना मिळून घेऊ द्या, निम्मं तुमचं. नाही आलं, तर आम्हीच फुकट बुजवून देऊ."

"गिरणीतली माणसं तुम्ही. शेतीतलं काय कळतं तुम्हाला?"

"काही नाही," ती म्हणाली. "पण पाट तरी कुठे खणता येत होता?"

मालकाला हसू फुटलं. मान डोलावून तो निघून गेला आणि धोट्याने मला खाली ठेवलं.

पहिलं पीक बेताचंच आलं, पण आलं. पाट राहिला, माणसंही राहिली. एकमेकांशी कडाकडा भांडायची आणि जेवायला पुन्हा एकाच पंगतीत बसायची. काय दिवस होते ते!

पुष्कळ वर्षांनी कुणीतरी तो सिनेमा आणून गोदामाच्या भिंतीवर दाखवला. धोट्याची बायको तोवर गेली होती. सिनेमात पाणी आलं, नायकासाठी टाळ्या पडल्या. म्हातारा धोटा उठून यंत्रवाल्याजवळ गेला आणि म्हणाला, "एवढंच परत दाखवता का?" त्याने दाखवलं. तीनदा दाखवलं.

आता धोटाही नाही. माझं पातं झिजून बोटभर उरलंय, आणि शेतात यंत्रं आलीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. तो सिनेमा कधी पाहिलात, तर पाणी नायकाने आणलं असं तुम्हाला वाटेल. तेव्हा त्याच्या मागून पाटी घेऊन जाणाऱ्या बाईकडे बघा. ती फार वेळ दिसत नाही. पापणी लवू देऊ नका.