चिंग्याचं बसणं

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी कापड्याच्या वळणावर जीपने चिंग्याला उडवला. कुत्रा भाताच्या खाचरात जाऊन पडला, उठला, अंग झाडलं. रक्ताचा थेंब नाही. त्याच्या मालकिणीने, साळूबाईने, रस्त्यातच हात जोडले, "इठ्ठलानं राखला गो!"

त्या संध्याकाळपासून चिंग्या कीर्तनात वेगळाच बसू लागला. एरवी मृदंग वाजत असताना पाय पसरून घोरणारा, आता पुढच्या पायांवर ताठ, कोपरं बाहेर काढून, मान लांबवून बुवांकडे तोंड. चार दिवस आडवा म्हणून झाला नाही. खाणं चाटण्यापुरतं.

"कुत्र्याचा उद्धार झाला बघ," साळूबाईचा नवरा सदू तिला म्हणाला. "नायतर मी. निरूपण लागलं की पेंगतो."

"तुमी टाळ हातात धरून पेंगता!"

बुवांनी कौतुकाने चिंग्याला बुक्का लावला. लोकांनी फोटो काढले.

काल्याच्या दिवशी पहिलं पान चिंग्याचं मांडलं. तो तोंड फिरवत होता. "परसाद हाय रे, नाय म्हणू नये," असं म्हणत साळूबाईने त्याला हाताने खीर भरवली. घटकाभरात त्याची जीभ निळसर झाली.

शेजारच्या शुभमने रिक्षा काढली. महाडला जनावरांच्या डॉक्टर उज्ज्वलाताईंनी छाती ऐकली, एक्सरे काढला.

"छाती आणि पोट यांच्यामधला पडदा धक्क्याने फाटलाय. पोट, आतडी वर छातीत शिरलीत. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून हा बसून राहतो. कधीपासून असं?"

"चार दिस," साळूबाई म्हणाली. "आमाला वाटलं, कीर्तन ऐकतो."

डॉक्टर हसल्या नाहीत. "शेवटचं काय खाल्लं?"

साळूबाईच पुढे झाली.

"खीर. आज. मीच भरवली."

"भरलेलं पोट फुफ्फुसावर दाबतंय. आधी नळीने रिकामं करते, मग पडदा शिवते. टेबलावरच जाऊ शकतो, मावशी."

बाहेर बाकावर साळूबाई नाम घ्यायला बसली, पण ओठ हलेनात. "चार दिस तो सांगत व्हता," ती म्हणाली, "आन आपुन त्येला बुक्का लावला."

सदूने नुसता तिचा हात धरला.

दिवेलागणीला दार उघडलं. "आजची रात्र निघाली पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. पोटाला पट्टी, कपाळावर पुसट बुक्का. चिंग्या कुशीवर होता, पाय पसरून. सदू काही बोलणार, तोच साळूबाईने त्याला गप्प केलं. खाली वाकून तिने कान लावला, तो घोरतोय का ते ऐकायला.