पाण्यावरची चकाकी

"हाही नाही." भाऊजींनी चष्मा उतरवून काउंटरवर ठेवला. "मासा दिसत नाही तो नाहीच, वहिनी."

बाईंनी चष्मा उचलून उजेडात धरला. काचेवर ओरखडा नव्हता, काड्या सरळ होत्या. महिन्याभरातला हा तिसरा. पहिला करड्या काचेचा होता, तो अंधारा वाटतो म्हणून परत आला. दुसरा पिवळसर होता, त्याने डोळे दुखतात म्हणाले. हा तिसरा तपकिरी, बाईंनी स्वतः निवडलेला.

"नीट आठवून सांगा. पाणी किती खोल होतं?"

"कमरेएवढं."

"ऊन?"

"ऊन म्हणजे ऊन. त्यात काय सांगायचं? तुम्ही तर डॉक्टरासारखं विचारायला लागलात."

बाईंनी मोबाईल पेटवला आणि त्याच्यासमोर चष्मा धरून हळूहळू फिरवला. चष्मा उभा झाला तशी काचेतून दिसणारी पडद्यावरची अक्षरं काळी पडत पडत नाहीशी झाली. "बघा. काच खरी आहे. नुसता रंग दिलेली असती तर हे झालं नसतं. पाण्यावरून परतणारा उजेड आडवा येतो, ही काच आडव्याला अडवते. करडी काच भर उन्हात, खोल पाण्यावर. पिवळी पहाटे नाहीतर ढगाळ दिवशी. आणि कमरेएवढ्या पाण्यात तळ बघायचा तर तपकिरीसारखी दुसरी नाही."

"मग माझेच मासे लाजरे असतील," भाऊजी म्हणाले आणि हसले. पण चष्मा परत घेतला नाही.

बाई या दुकानात बावीस वर्षं होत्या. मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची आणि फ्रेमीत बसवायची हे त्यांचं काम. गिऱ्हाइकं त्यांना 'भिंगवाल्या बाई' म्हणत. त्यांना गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नसत, नंबर मात्र राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की घरी येऊन त्या यजमानांना सांगत, "आज उणे साडेतीन भेटले. मुलीचं लग्न ठरलंय म्हणे." यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी जायबंदी, खुर्चीत बसून शब्दकोडी सोडवणारे. ते म्हणत, "आमचा नंबर लक्षात आहे ना, तेवढं पुरे."

भाऊजी हे यजमानांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, वरच्या खोलीत राहत, जेवायला खाली येत. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होते आणि एकोणीस वर्षांत बसला पोचा आला नव्हता. रविवारी काठी घेऊन तलावावर जायचं, एवढाच काय तो त्यांचा शौक. तिथले मासे घरी येईस्तोवर वीतभर वाढतात, अशी यजमानांची थट्टा ठरलेली. अलीकडे मात्र पिशवी रिकामीच येत होती, आणि त्यावर थट्टा करणंही यजमानांनी सोडलं होतं.

"या रविवारी मी येते तुमच्याबरोबर," बाई म्हणाल्या. "काचेत खोट असेल तर मला कळेल."

"तुम्ही? तलावावर?"

"का? मासे बायकांना बघून पळतात का?"

रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून निघाले. भाऊजी एरवीपेक्षा सावकाश, रस्त्याच्या कडेकडेने चालवत होते. मागे आपण बसलोय म्हणून जपून चालवतात, असं बाईंना वाटलं.

तलावाचा तो काठ उथळ आणि गोट्यांचा होता. सूर्य समोर होता आणि पाणी जस्ताच्या पत्र्यासारखं लखलखत होतं. डोळे उघडे ठेवणं मुश्कील. भाऊजींनी चौकड्यांचा पंचा अंथरून त्यावर डबा, थर्मास आणि कणकेच्या गोळ्या ठेवल्या. काठी जोडली, दोरा ओवला. हात झरझर चालत होते. बाईंनी टोपी कपाळावर ओढली आणि तपकिरी चष्मा डोळ्यांना लावला.

बावीस वर्षांत असे किती चष्मे त्यांच्या हातून गेले, त्याची मोजदाद नव्हती. पण एकही लावून त्यांनी पाण्याकडे पाहिलं नव्हतं. समोरचा पत्रा कुणीतरी ओढून काढावा तसा निघून गेला. खाली तळ होता. गोटे एकेक वेगळे दिसत होते, त्यांच्यावरचं शेवाळ डुलत होतं, एका बुडालेल्या फांदीखाली सावली होती. मान थोडी तिरपी केली की चकाकी परत यायची, सरळ केली की जायची. आणि त्या सावलीतून तीन मासे निवांत बाहेर आले. पाठी हिरवट, शेपट्या जेमतेम हलणाऱ्या.

"अहो भाऊजी!" त्या ओरडल्याच. "ते बघा! ते बघा की! तीन आहेत!"

"हळू बोला. कुठे?"

"त्या फांदीपाशी."

भाऊजींनी बाईंकडून चष्मा घेऊन लावला. पाण्याकडे पाहिलं. मग मान जरा डावीकडे वळवली, मग उजवीकडे. फांदीकडे सरळ बघायचं सोडून ते फांदीच्या आजूबाजूला बघत होते.

"कुठली फांदी?" ते म्हणाले.

मान अशी तिरकी करून बघणारी माणसं त्यांनी दुकानात पाहिली होती. तपासणीच्या खोलीतून ती माणसं बाहेर यायची, आणि त्यांच्या नावाने भिंगाची ऑर्डर यायची नाही, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी जायची.

त्यांनी पंच्यावरचा डबा, थर्मास बाजूला केला. कणकेची एक बारीक गोळी चौकड्यांच्या मधोमध ठेवली.

"भाऊजी, चष्मा काढा. इथे बसा. उजवा डोळा झाका आणि त्या गोळीकडे बघा. चौकड्या सरळ दिसतात?"

"हे काय आता?"

"बघा तर."

भाऊजींनी तळहाताने उजवा डोळा झाकला. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कुठली गोळी?" त्यांनी विचारलं.

"आता दुसरा झाका."

"हां, आता आहे. पण रेघा... मधे जरा वाकल्यात. पंचा चुरगळलाय."

पंचा चुरगळलेला नव्हता. बाईंनी तो हाताने पुन्हा एकदा सपाट केला. मग विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"भाऊजी."

त्यांनी पाण्याकडे तोंड केलं. "गेल्या थंडीपासून. डाव्यात मधे धूर असतो. बाजूचं सगळं स्पष्ट दिसतं, अगदी लख्ख. मला वाटलं, चकाकीमुळे होतंय. उन्हात इतकी वर्षं गाडी हाकली, पाण्यावर बसलो. म्हटलं, चांगला चष्मा लावला की जाईल."

"आणि मार्चमध्ये बसच्या दाखल्यासाठी तुमची तपासणी झाली ती? आमच्याच दुकानात? दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचलीत तुम्ही."

बाईंना आठवलं. त्या तपासणीच्या आधी चार दिवस ते रोज दुपारी डबा द्यायला दुकानात येत होते. वहिनी, बाहेरचं काही खाऊ नका, असं म्हणत होते. डबा ठेवून तपासणीच्या खोलीच्या दारात उभे राहायचे, अक्षरांच्या तक्त्यासमोर. मालकांशी गप्पा मारायचे. आणि बाईंना वाटलं होतं, किती काळजी करतात आपली.

"पाठ केलात," त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. रस्ताही पाठच आहे मला, डोळे मिटून—"

"बोलू नका पुढे."

भाऊजी उठले. काठी उचलली, गळाला कणीक लावली आणि फेकली. बाई म्हणाल्या होत्या त्याच्या बरीच पलीकडे पडली. तासभर गेला. मग दोरा ताणला गेला. भाऊजींनी तो बघितला नाही, नुसत्या बोटाने ओळखला. ढील दिली, ओढून घेतलं, पुन्हा ढील दिली आणि चांगला हातभर मासा काठावर आणला. गळ काढला, मासा दोन्ही हातांत धरला, आणि काय मनात आलं कोण जाणे, परत पाण्यात सोडून दिला.

"चला," ते म्हणाले.

स्कूटरपाशी आल्यावर त्यांनी किल्ली लावली. बाई उभ्याच राहिल्या.

"बसा ना."

"मी नाही बसणार. तुम्हीही बसायचं नाही."

"वहिनी, घर चार किलोमीटर आहे!"

"असू दे."

"येताना आलातच की!"

"येताना मला माहीत नव्हतं."

भाऊजींचा चेहरा लाल झाला. चिडून त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि स्कूटर ढकलायला लागले. बाई दुसऱ्या बाजूने काठी आणि पिशवी घेऊन चालू लागल्या. पहिला चढ येईपर्यंत दोघं तसेच चालत होते, भांडलेल्या शाळकरी पोरांसारखे. चढावर बाईंनी मागून हात लावला. वर पोचल्यावर भाऊजींनी स्कूटर उभी केली आणि दम खात ते मैलाच्या दगडावर बसले.

"दोन आठवड्यांमागे, मंगळवारी," ते म्हणाले, "गिरणीच्या वळणावर एक मुलगी होती. दुसरीतली असेल. रोज कडेला उभी असते. त्या दिवशी धावत पुढे आली. म्हणजे आली असणार. मला दिसलीच नाही. बोनेटच्या समोर एकदम टोपी आली. ब्रेक दाबला. एवढं," त्यांनी दोन हातांत अंतर दाखवलं, "एवढं राहिलं. ती हसली, गुड मॉर्निंग काका म्हणाली आणि चढून बसली. तिला काही कळलंच नाही. कुणालाच नाही."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"त्याच दिवशी संध्याकाळी मी तुमच्याकडे तिसरा चष्मा मागायला आलो. म्हटलं, चकाकीच असेल. चकाकी असती तर बरं झालं असतं, वहिनी."

"असती तर मीच घालवली असती," बाई म्हणाल्या. "काचेने जाणारं काही असतं ना, तर मी रात्रंदिवस घासत बसले असते."

भाऊजींनी मान हलवली. थोड्या वेळाने उठले. उरलेला रस्ता उताराचा होता, तरी त्यांनी स्कूटर हातानेच नेली.

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळी ते इस्त्रीचा गणवेश घालून खाली आले. बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पण भाऊजींनी चहा घेतला, बसची किल्ली टेबलावर ठेवून रुमालाने पुसली आणि ती खिशात टाकून चालत शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी काय सांगितलं ते घरी कधी बोलले नाहीत. दुपारी रिकाम्या हाताने परत आले आणि जेवून झोपले. यजमानांनी कोड्याचा कागद घडी करून ठेवला आणि त्या दिवशी पेन्सिल हातात धरली नाही.

बाईंनीही दुकानात मालकांना तक्त्याचं सांगितलं. मालक वैतागले. "झालं गेलं ते झालं, बाई. कशाला उकरून काढताय? दाखल्यावर सही माझी आहे."

"म्हणूनच सांगतेय. पाठ करणारे ते एकटेच असतील कशावरून?"

मालक दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जुना तक्ता उतरला आणि त्या जागी अक्षरं बदलत जाणारा पडदा आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डाव्या डोळ्यातलं गेलेलं परत येणार नाही. उजवा राखता येईल, दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यावी लागेल. भाऊजींनी एवढंच विचारलं, "तलावावर गेलं तर चालेल?" डॉक्टर म्हणाले, चालेल, पण उन्हापासून जपा. गळाचा आकडा उडून डोळ्याला लागणार नाही असा मोठा चष्मा वापरा. बाईंनी तसा एक निवडला. कानशिलापर्यंत वळलेला, बाजूंनी उजेड न शिरणारा, मागे दोरी. माशासाठी नाही, डोळ्यासाठी. स्वतःसाठी मात्र त्यांनी साध्या फ्रेमीत तपकिरी काच बसवून घेतली.

आता रविवारी दोघं चालत जातात. बाई काठावर उभ्या राहून सांगतात, भाऊजी फेकतात. सुरुवातीला त्यांचं जमत नव्हतं.

"थोडं उजवीकडे."

"थोडं म्हणजे? दुकानात असंच सांगता का, थोडा नंबर आहे म्हणून?"

मग बाई शिकल्या. दोन काठ्या लांब, गुडघाभर खोल, तोंड आपल्याकडे. हवेतून दिसतो त्याहून मासा थोडा खाली असतो, हेही शिकल्या. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. कधी पिशवीत काही येतं, बहुतेक वेळा नाही.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि वारा पडला होता. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि मान डावी-उजवी करत काठाचा सगळा तुकडा नजरेखालून घातला.

"किती आहेत?" भाऊजींनी विचारलं. काठी तयार होती.

बाईंनी पुन्हा एकदा पाहिलं. तळाशी गोटे होते, रेती होती, पाणी तळापर्यंत उघडं होतं. दोन आहेत म्हटलं असतं तरी भाऊजींना कळलं नसतं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

"बरं," भाऊजी म्हणाले. त्यांनी वाकून बोटांनी गळ चाचपला, कणीक नीट बसवली आणि काठी मागे नेऊन दोरा लांब सोडला. पाण्यावर एक वर्तुळ उठलं. ते काठाशी येईपर्यंत बाई त्यांच्या शेजारी, उन्हाच्या बाजूला, जाऊन बसल्या.